मका न खाल्लेल्या चाळीस शेळ्यांच्या चराईच्या हक्काबाबत

प्रति,
मा. चराई-हक्क पडताळणी अधिकारी,
सामाईक जमीन कार्यालय,
स्प्रिंगबोक.

विषय : माझ्या शेळ्या मका खातात हा निष्कर्ष रद्द करून चराईचा हक्क परत मिळणेबाबत.

संदर्भ : आपला १९ ऑगस्टचा आदेश व त्यासोबतचा केस-तपासणी अहवाल.

महोदय,

मी, मागरीता लिंक्स, वय ६७, राहणार रिख्टर्सवेल्ड, आपणांस आदरपूर्वक कळवते की,

१. मे महिन्यात आपले निरीक्षक श्री. फान वेक यांनी माझ्या शेळ्यांचे केस कापून नेले. त्या केसांत जड कार्बन मका खाणाऱ्या जनावरांइतका निघाला. मका खाणाऱ्या शेळीला डोंगराची गरज नाही, सबब हक्क रद्द, सबब शेळ्या कुंपणातच ठेवाव्यात, असा आपला आदेश झाला. आजोबांच्या वेळेपासून आम्ही या डोंगरावर शेळ्या चारतो.

२. अहवाल मला कळेना, म्हणून शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या मिस योसेफ यांच्याकडे गेले. त्या म्हणाल्या, "मावशी, हवेत कार्बन दोन जातींचा असतो, हलका आणि जड. बहुतेक झाडं जडाला बरंचसं बाहेरच ठेवतात. मका तेवढा नखरा करत नाही, आणि आपली जाड पानांची झुडपंही करत नाहीत. नुसत्या केसावरून शेळीनं काय खाल्लं, ते सांगताच येत नाही." हे मी श्री. फान वेक यांना फोनवर सांगितले. ते म्हणाले, "मावशी, यंत्र खोटं बोलत नाही." मी म्हटले, "अहो, मग त्या यंत्रालाच एक दिवस पाठवा की माझ्या शेळ्यांमागे!" तेवढ्यात फोन बंद पडला. डोंगरात रेंज नसते, असे मी समजते.

३. दि. २६ रोजी फान वेक साहेब स्वतः आले. माझ्या झोपडीत त्यांना मक्याच्या पिठाचे अर्धे पोते सापडले. ते पुरावा म्हणून जप्त झाले. त्या पिठाची लापशी मी खाते, हे मी तीनदा सांगितले. पंचनाम्यात "शेळ्यांचे खाद्य, अंदाजे बारा किलो" असे लिहिले आहे. चाळीस शेळ्या आणि बारा किलो, महोदय! पेन्शन येईपर्यंत मी काळ्या चहावर आहे.

४. त्याच दिवशी भर दुपारी साहेबांनी एका झुडपाच्या पानाला यंत्र लावले. पान हवा आत घेईना. "वनस्पती श्वास घेत नाही, चराईस अयोग्य" असा शेरा पडला. आमच्या उन्हात दुपारी तोंड उघडे ठेवले तर झाड वाळून जाईल, म्हणून ही झुडपे रात्री श्वास घेतात. रात्री या, असे मी विनवले. कार्यालय साडेचारला बंद होते, असे उत्तर मिळाले. झुडपांनी कार्यालयीन वेळेत श्वास घ्यावा, असे लेखी आदेश आपण काढल्यास मी ते डोंगरावर वाचून दाखवीन. नाहीतर आपण पहाटे यावे आणि एक पान चावून बघावे. ते आंबट लागेल. तेच झुडूप संध्याकाळी पाणचट लागते. शेळ्यांना हे पाठ आहे. दोन वेळेला दोन चवी देणारा मका मी तरी पाहिलेला नाही.

५. मला यंत्राचा राग नाही. मला राग आहे तो एवढ्याचा, की कागद लिहिण्याआधी कुणी माझ्या शेळ्यांकडे मान वळवून पाहिले नाही.

६. आदेश पाळून दि. २४ पासून शेळ्या कुंपणात आहेत. चुलतभाऊ डाविड याने लसूणघासाचे दोन भारे दिले, ते दोन दिवस पुरले. हा व्यायचा हंगाम आहे. आयांचे दूध आटले. परवा एक करडू गेले, काल दुसरे. मी आपल्याला शिव्या देत नाही, कारण हा अर्ज आहे.

७. आज सकाळी मी आदेश मोडून फाटक उघडले. शेळ्यांनी माझ्याकडेही पाहिले नाही, सरळ डोंगर चढू लागल्या. माझ्यावर कारवाई करायची असल्यास मी त्यांच्या मागेच सापडेन. हक्क मात्र परत द्यावा, ही विनंती.

कळावे,

आपली नम्र,
मागरीता लिंक्स
(अंगठा नव्हे, सही)
दि. १ सप्टेंबर

सोबत :
(१) आदेशाची प्रत.
(२) पंचनाम्याची प्रत.
(३) करडांचे कान, दोन, आमच्या खुणेसह. ती करडे नोंदवहीतून कमी करावीत.