कोणाशीही वैर नसल्याचा दाखला मिळणेबाबत

प्रति,
मा. तहसीलदार साहेब,
तहसील कार्यालय, चाकूर, जि. लातूर.

विषय : माझा मुलगा अश्वजित याचे कोणत्याही देशाशी वैर नसल्याचा दाखला गोल शिक्क्यासह मिळणेबाबत.
संदर्भ : मुलाचा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला आवाज, काल सकाळचा.

महोदय,

सविनय अर्ज करतो की, मी ग्यानोबा तुळशीराम सोनकांबळे, सेवानिवृत्त शिपाई, राहणार चाकूर. माझा एकुलता एक मुलगा अश्वजित लिथुआनिया या देशात ट्रेलर चालवतो. आजवर तो फ्रीज आणि फर्निचर नेत असे, त्यामुळे आमची काही तक्रार नव्हती.

१) सध्या तिकडे युरोपीय संघ आणि नाटो ही लष्करी आघाडी यांचे संरक्षण सहकार्य चालू आहे. मला समजले ते असे, की संघाने रस्ते व पूल मजबूत करायचे आणि आघाडीने त्यावरून फौजेचे सामान सरहद्दीकडे न्यायचे. त्यांच्या सहकार्याला माझी हरकत नाही. परंतु मुलाच्या कंपनीने यातले वाहतुकीचे काम घेतले असून, परवापासून त्याच्या ट्रेलरवर रणगाडा आहे.

२) आपल्याला काही झाले तर जबाबदार कोण, असे मुलाने कंपनीत विचारले. एका साहेबाने सांगितले, रस्ता संघाचा आहे, त्यांना विचार. दुसऱ्याने सांगितले, माल आघाडीचा आहे, त्यांना विचार. साहेब, मी जन्मभर कचेरीत फायली उचलल्या. दोन खात्यांचे सहकार्य सुरू झाले की माणूस मधल्या मध्ये लटकतो, हे मला नवीन नाही.

३) बातम्यांत ड्रोन दाखवतात. वरून बघणाऱ्याला रणगाडा दिसतो. खालचा ड्रायव्हर चाकूरचा आहे, हे त्याला कसे दिसावे? परत ये म्हटले तर पोरगा म्हणतो, “पप्पा, संगं आलेले सगळेच चालवायलेत, मी एकटाच कसा उतरू?” आमचा जीव टांगणीला लागला आहे.

४) सबब दाखल्याची गरज आहे. ऑनलाइन सेंटरवरचा विनोद म्हणतो, “काका, उत्पन्नाचा हाय, रहिवासाचा हाय, पर वैर नसल्याचा दाखला यादीतच न्हाई.” यादीत नसला तरी आपण सही केली की होतो, अशी माझी खात्री आहे. दाखला मराठी, इंग्रजी आणि सरहद्दीपलीकडच्या लोकांच्या भाषेत असावा. फ्लेक्सवर छापून ट्रेलरच्या केबिनच्या टपावर बांधता येईल एवढा शिक्का ठळक मिळाल्यास लई उपकार होतील. छपाईचे मी बघतो.

५) दाखला खोटा ठरू नये म्हणून मी घरापासून सुरुवात केली. शेजारी शेषेराव यांच्याशी सांडपाण्याच्या नालीवरून बोलचाल बंद होती. मी आपणहून त्यांच्याकडे जाऊन चहा घेतला आणि नाली ते म्हणतील तशी वळवली. त्यांनी साक्षीदार म्हणून सही केली आहे. सही करताना तेही रडले.

६) एक अडचण राहते, ती लपवत नाही. “आमच्या कुटुंबाचे जगात कोणाशीही वैर नाही” असे घोषणापत्र लिहून मी मुलाची आई सरजाबाई हिच्यापुढे सहीसाठी ठेवले. तिने पेन खाली ठेवला. म्हणाली, “कालपरवापर्यंत नव्हतं. आता ज्यानं ज्यानं माझ्या लेकराला त्या गाडीवर बसवलं, त्या समद्यांशी हाय. मी खोटं लिहून देणार न्हाई.” मी पुष्कळ समजावले. ती ऐकत नाही, आणि तिचे चुकते असे मलाही म्हणवत नाही.

तरी सदर घोषणापत्र वडिलांच्या एकट्याच्या सहीवर ग्राह्य धरावे, आणि आईचे नाव दाखल्यातून वगळावे.

आपल्या सहीची वाट पाहणारा,
ग्यानोबा तुळशीराम सोनकांबळे
चाकूर, दि. १४ ऑक्टोबर २०२५

सोबत :
१) अश्वजितच्या पासपोर्टची झेरॉक्स
२) शेजाऱ्याची साक्ष
३) घोषणापत्र (वडिलांची सही आहे, आईची जागा कोरी आहे)