हिंदीतली चेष्टा

बाबा, जून आला की मला तुमचे हात आठवतात. तुमच्या ऑफिसातले हेडक्लार्क, ज्यांना सगळे बडे बाबू म्हणायचे, दरवर्षी मलिहाबादच्या स्वतःच्या बागेतले दशहरी आंबे पेटीभर घेऊन यायचे. ते गेले की हिंदी मुलखातल्या आपल्या आलमबागच्या क्वार्टरच्या स्वयंपाकघरात बसून तुम्ही एकेक आंबा खिडकीच्या उजेडात धरायचात. सडका शोधायचात. "आपल्याला हे लोक असलेच देणार, बघ." आई चुलीपाशी पोळ्या लाटत राहायची. एकही सडका निघायचा नाही, आणि तुम्हाला त्याचाही राग यायचा. तुमची शंका हवेतून आली नव्हती, हे मला कळतं. नागपूरकडच्या तुमच्या गावात शाळेत तुम्हाला पाणी वरून ओतून देत, हे तुम्ही एकदाच सांगितलं होतं. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. तुम्ही तर ताक वाढणाऱ्यावरच धावून जायचात. मग रात्री जेवायचा नाहीत आणि आम्हीही जेवायचो नाही.

मी सातवीत असताना तुमच्या ऑफिसात हिंदी दिवस झाला. ऑफिसातला एकटाच मराठी माणूस म्हणून बडे बाबूंनी तुम्हाला आग्रहानं निबंध लिहायला लावला. चार दिवस खपून तुम्ही दोन पानं लिहिलीत. ती घरी परत आणलीत तेव्हा खाली लाल शाईत बडे बाबूंचं अक्षर होतं : 'आपकी चेष्टा देखकर सबको बड़ा आनंद आया।' तुम्ही ते उभ्यानंच तीनदा वाचलंत. मग मला हाक मारलीत. "चेष्टा म्हणजे हिंदीत काय रे?" मला माहीत होतं, बाबा. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. आठवड्यापूर्वीच मास्टरजींनी आमच्याकडून वाक्यात उपयोग करून घेतला होता. पण त्याच सकाळी तुम्ही काहीतरी विचारलंत आणि माझ्या तोंडून "हाँ, अच्छा" निघून गेलं, म्हणून तुम्ही माझ्या कानाखाली वाजवली होतीत. "तूही त्यांच्यातलाच झालास!" संध्याकाळपर्यंत कान ठणकत होता. मी म्हणालो, "मराठीत आहे तेच, बाबा."

दुसऱ्या दिवशी तुम्ही भर ऑफिसात बडे बाबूंना पेपरवेट फेकून मारलात. त्यांची भुवई फाटली, तुम्ही सस्पेंड झालात. तरी तो माणूस दोन दिवसांनी पट्टी बांधून आपल्या दारात उभा. "भाई साहब, हमसे क्या गुस्ताख़ी हो गई? बता तो दीजिए।" तुम्ही आईकडे वळून म्हणालात, "बघ, अजून चेष्टा चालूच आहे," आणि दार लावून घेतलंत. मी त्या दाराच्या आतल्या बाजूला होतो. एक शब्द सांगायचा होता. पुढच्या जूनला पेटी आली नाही. तुमची बदली झाली, चार वर्षांनी तुम्ही गेलात, आणि शेवटच्या आजारातही तुमचं एकच, "माझ्या निबंधावर सगळे हसले."

आता मी तुमच्या वयाच्या पुढे गेलोय. गेल्या महिन्यात बायको फोनवर हसली, मला वाटलं माझ्यावरच हसली, आणि मी जेवतं ताट भिंतीवर फेकलं. तिनं मला गोमती नगरच्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, "देखिए, हर शक्की आदमी मारपीट नहीं करता। ज़्यादातर तो बेचारे अंदर ही अंदर डरते रहते हैं। हाथ तब उठता है जब बेइज़्ज़ती पक्की मान ली और किसी से पूछा तक नहीं।" मी मान हलवली. बाहेर येऊन स्कूटरला किल्ली लावली आणि ती फिरवताच येईना.

कारण तुम्ही विचारलं होतंत, बाबा. सगळ्या जन्मात एकदाच, आणि मला.

मी ध चा मा केला, हे आईला तुमच्यानंतर सांगितलं. घाबरून केला म्हणालो. बायकोलाही तेच सांगितलंय. हे पत्र कुठं जाणार नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. भीती नव्हती. माझा कान दुखत होता, आणि तुमचंही काहीतरी दुखावं असं मला वाटलं होतं.