स्टेअरिंग माझ्याकडे आहे

सूनबाई,

आज त्या जुन्या गाडीत बसू नकोस, पोरांनाही बसवू नकोस. तुझ्या नवऱ्याने काल स्टेअरिंगचा ढिलेपणा काढायला स्क्रू नको इतका आवळलाय. सकाळी मी गाडी गल्लीत फिरवून पाहिली. वळल्यावर चाकं आपणहून सरळ होत नाहीत. भिंतीला घासता घासता वाचलो. घाटात असं झालं तर?

त्याला सांगितलं असतं, पण भांडण झाल्यापासून तो माझ्याशी बोलतो कुठे? म्हणून स्टेअरिंगच काढून गॅरेजवर घेऊन आलोय. चिडेल, चिडू दे. चहा पाजून मगच सांग.

स्क्रू त्यानेच सैल करावा, मी शेजारी नुसता उभा राहीन. पण स्टेअरिंग न्यायला त्यानेच यायचं. तुला पाठवलं, तर देणार नाही.

बाबा