पास झालेलं पाणी

चिक्कडपल्ली, हैदराबाद
८ ऑक्टोबर २०२५

चि. हर्षवर्धन यास,
अक्काचे आशीर्वाद.

आम्ही सगळे इकडे बरे आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. आईचा गुडघा तसाच आहे. देवळात जायचं म्हटलं की दुखत नाही, भांडी घासायची म्हटलं की दुखतो.

तू माझा फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं असतं तर अर्धं वाचून तू अंगठा पाठवला असतास. मराठी शाळेत शिकलो त्याचा एवढा तरी उपयोग होऊ दे. कुरियरवाल्याला बजावलंय, तुझ्याच हातात द्यायचं.

शाळा सुरू झाली तरी त्रिवेणी आणि तन्वी अजून का परतल्या नाहीत म्हणून तू परवा फोनवर त्रिवेणीला, स्वतःच्या बायकोला, बोल बोल बोललास. तिची काही चूक नाही. मीच थांबवलंय. का, ते सांगते, जरा दम धर.

सुट्टी छान गेली म्हणायची. खालच्या तेलुगू बायकांनी अंगणात फुलांची बतुकम्मा मांडली होती. तन्वी नवा परकर घालून त्यांच्यात नाचायला गेली आणि दोन फेऱ्यांत दमून पायरीवर येऊन बसली. सहा वर्षांची पोर! मी म्हटलं, काय गं म्हातारे, गुडघे दुखतात का आजीसारखे? ती हसलीसुद्धा नाही. पोट धरून बसली होती. हे पोटदुखीचं नाटक आहे, शाळेत जायचं नसलं की करते, असं तू म्हणायचास. अरे, इथं कुठली शाळा होती? डॉक्टरांकडे नेलं, तर रक्त कमी निघालं. लोहाचं औषध दिलं. तेव्हा मला वाटलं, खात नाही नीट, दुसरं काय.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी तुझा मेसेज आला.

तुला ठाऊक आहे, आमच्या लॅबमध्ये पाण्याच्या बाटलीवर नाव नसतं, नंबर असतो. मी मशीनवरचा आकडा तपासते आणि सही करते, पाणी कुणाचं ते मला कळत नाही. तू नंबर पाठवून लिहिलंस, 'अक्का, हे आपल्याच वॉटर प्लांटचं पाणी आहे. ०.०१ लिहून टाक, नियमात बसतं.' तो नंबर मी विसरले नव्हते. त्या पाण्यात शिसं निघालं होतं.

नियमात बसतं, हे खरंच. हेच तर दुखणं आहे. मशीननं लिटरला १४.४ मायक्रोग्रॅम दाखवलं. चालतं फक्त दहा. म्हणजे सरळ सरळ नापास. पण मर्यादा छापलेली असते मिलिग्रॅममध्ये, ०.०१. मग आपले १४.४ मायक्रोग्रॅम हजारानं भागायचे, ०.०१४४ मिलिग्रॅम होतात. आणि मर्यादेला जितके अंक, तितकेच उत्तराला ठेवायचे, असा नियम. मागचे दोन चौके गेले. राहिलं ०.०१. पास! पाण्यातून कणभर शिसं काढलं नाही रे कुणी. नुसतं एकक बदललं आणि अंक कापले.

मी सही केली नाही. आमचे साहेब म्हणाले, "मॅडम, कायदे में है तो काइकू टेन्शन? राउंडिंग तो सब करते." मी म्हटलं, मोजमापाच्या चुकीसाठी केलेला नियम आहे तो, विष लपवायला नाही. मशीनला चौदा आणि दहा यांतला फरक चांगला कळतो, तुम्हालाही कळतो. साहेब चहा प्यायले आणि कागद पलीकडच्या टेबलावर सरकवला. तिथं सही झाली. आता तुझ्या हातात रिपोर्ट आलाय. तू कोल्ड्रिंकच्या बाटल्या आणून पोरांना वाटल्यास म्हणे प्लांटवर. अभिनंदन.

मी सरकारी कार्यालयात तक्रार दिलीय. तुझ्यापासून लपवायचं नाही म्हणून सांगते. तिथल्या माणसानं रिपोर्ट बघितला, म्हणाला, पास आहे की. त्यामुळे मी काही तुझं वाकडं करू शकत नाही, निवांत राहा. आपलेच दात आणि आपलेच ओठ, आई म्हणते. मला आता दातांचं काही पडलेलं नाही.

फिल्टरचं पाणी शुद्ध निघतं, ते मी मागेच तपासलं होतं. मग शिसं आलं कुठून, हे मी त्रिवेणीला विचारलं. ती बिचारी सहज बोलून गेली, 'फिल्टरचं पाणी लोकांना फिक्कं लागतं, मेसवाले पाण्याचे कॅन परत करायला लागले, म्हणून हे त्यात बोअरचं थोडं सोडतात, चव येते.' सगळेच प्लांटवाले करतात, तू म्हणशील. करत असतील. पण सगळ्यांच्या बोअरमागे जुन्या बॅटऱ्या फोडून वितळवायची भट्टी नसते, हर्षा! त्या धुरानं तुमच्या गच्चीवरचे कपडे काळे होतात, ते तुला दिसलं. खाली जमिनीत काय उतरतंय ते दिसलं नाही? की दिसलं?

मग मला तन्वीची पायरी आठवली. तुम्ही राहता प्लांटच्या वरच. ती पोर जन्मल्यापासून तिथलंच पाणी पिते, त्याच गच्चीवर खेळते.

तुला न विचारता मी तिचं रक्त पुन्हा काढून घेतलं. सुई बघून ती रडली नाही, त्रिवेणीच रडली. काल संध्याकाळी निकाल आला. शिसं अठ्ठावीस. मायक्रोग्रॅम, दर शंभर मिलिलिटर रक्तात. पाचाच्या वर गेलं की डॉक्टर कामाला लागतात.

वेड्यासारखी मी कागद घेऊन बसले आणि तुझ्यासारखा हिशेब करून बघितला. मिलिग्रॅम केले, ०.०२८. दशांशानंतर एकच अंक ठेवला, तर शून्य. आपल्या तन्वीच्या रक्तात शिसं शून्य! इतकं सोपं आहे बघ. मग मी तो कागद फाडला आणि बाथरूमचा नळ सोडून रडले, आईला ऐकू जाऊ नये म्हणून.

आज सकाळी तिला मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, पाणी असेल, धूळ असेल, दोन्हीही असेल. आधी पोरीला तिथून बाहेर काढा. ती अंक विसरते, गेल्या वर्षी शंभरपर्यंत घडाघडा म्हणायची आणि आता चाळिसाच्या पुढे अडखळते, हे त्रिवेणीनं सांगितलं. हे परत येईल का, असं तिनं विचारलं. डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. खोटं बोलले असते तरी चाललं असतं त्या वेळी.

म्हणून तन्वीला मी पाठवत नाही. त्रिवेणीही येत नाही. हा तिचा निर्णय आहे, माझी फूस नाही. तू आरडाओरडा कर, नातं तोड, नात्यातल्या चार माणसांत माझं नाव काढून शिव्या घाल. मी ऐकून घेईन. तुला मी कडेवर घेऊन वाढवलंय रे, तू बुडावास असं मला वाटत नाही. पण तुझे कॅन नारायणगुड्यातल्या शाळांत जातात. तिथल्या पोरांचं रक्त कोण काढणार आहे? त्यांच्या आत्या लॅबमध्ये नाहीत. तुझ्याकडे पास झालेला कागद आहे, म्हणजे प्लांट दुसरं कुणी बंद करणार नाही. तूच केलास तर होईल.

डॉक्टरांनी एक गोष्ट विचारली. बोअरचं पाणी नक्की कधीपासून सोडताय? तन्वी पोटात होती तेव्हाही सोडत होतात का? त्रिवेणीला माहीत नाही, मलाही नाही. तुला माहीत आहे. सोमवारी पुन्हा बोलावलंय. ये, आणि त्रिवेणीसमोर सांग.

रागावलेली, तरी दार उघडं ठेवलेली,
तुझी अक्का