उभ्याने खेळायच्या खेळासाठी धावण्याची तालीम

ती. फुकिकोताईस,

योशिएचा वाकून नमस्कार. आमच्या आझुमिनोत दहिवर गोठायला लागलंय, वळचणीला मुळे वाळत टांगलेत. तुझा गुडघा कसा आहे? (खरं सांग. मागच्या पत्रात 'उत्तम' लिहिलंस आणि तुझ्या सुनेकडून कळलं की काठी घेतलीस.) इकडे सगळं क्षेम. म्हणजे गावच्या गेटबॉल संघातले पाचही जण तापाने अंथरुणाला खिळलेत, पण ती करामत आमच्या ह्यांची असल्यामुळे नवल वाटू देऊ नकोस.

लांब दांड्याच्या हातोडीने चेंडू टोलवून कमानीतून घालवायचा, एवढाच तो खेळ. त्यात आजवर कोणी धावलेलं नाही, म्हणून तर म्हातारे खेळतात. पण शेजारच्या गावाकडून पुन्हा हरल्यावर ह्यांना शोध लागला की आपल्यात दम कमी आहे. आणि दम आणायचा कुणाकडून, तर नातवाकडून. आपला कोहेइ कॉलेजच्या एकिदेन संघात आहे ना, खांद्यावरचा पट्टा एकमेकांना देत मैलोन् मैल पळणाऱ्या त्या पोरांत. सुटीत आला तेव्हा त्याने आपला क्रम सांगितला: सकाळी डोंगर, संध्याकाळी डोंगर, आणि अंग हलकं राहावं म्हणून भात निम्मा. (दर शर्यतीच्या तोंडावर त्याचा घसा बसतो, तेही त्याने सांगितलं. ते आजोबांच्या कानात शिरलं नाही.) झालं. एकोणऐंशी वर्षांच्या कप्तानांनी फर्मान काढलं की उजाडताच देवळाच्या पायऱ्या धावत चढायच्या, आणि मासे, अंडी, टोफू बंद. पातळ पेज आणि सोबत उमेचं एक खारवलेलं आंबट फळ. पोटात थोडी जागा ठेवून उठावं ही आपल्या आईची शिकवण. ह्यांनी पोटात नुसती जागाच ठेवली.

तू म्हणशील, बाकीच्या चौघांना अक्कल नव्हती का? होती की. पण आपल्याकडे ती चारचौघांत बाहेर कोण काढतो? ह्यांना पहिल्याच दिवशी धाप लागली, पण आपण थांबलो तर संघाचा धीर सुटेल म्हणून हे थांबेनात. बाकीचे थांबेनात, कारण कप्तानाआधी टेकायचं म्हणजे त्याला थांबता यावं म्हणून उपकार केल्यासारखं दिसायचं. वर पोचले की सगळे एकमेकांना वाकून सांगायचे, आज फारच हलकं वाटलं. पहिला खोकला आला तेव्हा सगळ्यांनी मुकाट्याने मास्क चढवले आणि पळत राहिले. विजारी ढिल्या झाल्या, गालफडं बसली, आणि मग एकेक करून सगळे आडवे झाले. आडवं होतानाही क्रम पाळला, आधी कप्तान.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी ह्यांची छाती तपासली आणि सरळ विचारलं, "आजोबा, अंगाकडून दुप्पट काम घेतलंत आणि त्याचं जेवण तोडलंत. मग दुखण्याशी त्याने भांडायचं कशाच्या जोरावर?" रोज बेताचं चालला असतात आणि मासा-अंडं खात राहिला असतात, तर याच अंगाने ताप परतवला असता, असं त्या म्हणाल्या. धावणारी पोरंसुद्धा अशीच आजारी पडतात. ती दुखण्यातून उठतात लवकर, तुमच्या वयात वेळ लागतो, असंही म्हणाल्या. ह्यांनी मान डोलावली आणि विचारलं, पायऱ्या कधीपासून सुरू करू? धरणीने मला पोटात घ्यावं असं वाटलं.

कोहेइला फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला की आजपासून पूर्ण भात खातो. घराण्यात एकाला तरी शहाणपण आलं, तेही दुसऱ्याला ठेच लागून. कळावे, लोभ आहेच, तो असू द्यावा.

तुझी,
योशिए

ता. क. तुझ्या हातचा सोयाबीन आंबवून केलेला मिसो शिल्लक असेल तर थोडा धाड.

आणखी ता. क. मिसो राहू दे, तूच ये. ह्यांचा ताप आता उतरलाय, पण हे काही खात नाहीत. वाफवलेलं अंडं पुढे केलं की 'मागाहून' म्हणतात आणि भिंतीकडे वळतात. असंच चाललं तर पुढचा ताप झेपणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं. तू थोरली, तुझा शब्द ते मोडत नाहीत. येऊन त्यांच्यावर चांगली ओरड. वर लिहिलंय त्यातलं एक अक्षर मी त्यांना बोललेले नाही. बोलायचं ठरवून उशाशी जाते आणि हात धरून बसून राहते.