मी विचारलं नाही

१४ नोव्हेंबर

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघे ठीक. आई न्हाणीघरात घसरली, खुबा मोडला. आता अंथरुणातच असते. भरवणं, कूस बदलणं सगळं मीच करतो. बोलायला निवांत वेळ मिळतो.

घर सोडताना दारात तू म्हणालीस, "बाबा, तुम्ही विचारत नाही, धारेवर धरता." शब्द मनात राहिला. पण तू तो चुकीचा वापरलास. धारेवर धरणाऱ्याचा आवाज चढतो आणि समोरचा तोंड मिटतो. ते अडाण्याचं काम. मी जन्मभर विमा कंपनीत जळालेल्या दुकानांचे दावे तपासले, एकदाही आवाज चढवला नाही. समोर चहा ठेवायचा आणि बोलता बोलता एखादी गोष्ट मुद्दाम चुकीची सांगायची. माणूस प्रश्नाला उत्तर देईलच असं नाही. चूक मात्र त्याला ऐकवत नाही. तुझ्या नवऱ्याशीही मी असाच हळू बोललो होतो. तो रडला, हा त्याचा पिंड.

तुझा पत्ता आईला ठाऊक होता. मी विचारला नाही. परवा तिला भरवताना म्हणालो, "पोरीला मुलगा झाला म्हणे. बरं झालं."

"मुलगा कुठला, मुलगी आहे." किती दिवसांनी हसली.

मी पुढचा घास दिला. "पण समुद्राकाठची हवा. एवढ्याशा जिवाला सोसायची नाही."

"समुद्र कुठून आणलात? कापडगिरणीच्या मागं राहतात ती. बेकरीच्या वर."

मग तिने तोंडावर हात ठेवला.

तेव्हापासून तोंड उघडत नाही. बोलायला नाही, खायलाही नाही. मी चमचा धरून बसतो. डॉक्टर म्हणतात, असं फार दिवस चालायचं नाही. मी म्हटलं, पहिल्यापासून हट्टी.

गिरणीमागे बेकरी एकच आहे. सोमवारी सकाळी येतो. नातीला अजून पाहिलेलं नाही. जावई त्या वेळी कामावर असतात, घरात तुम्ही दोघीच असता, असं मी धरून चाललो आहे.

चुकत असेन तर दुरुस्त कर.

तुझे,
बाबा