पार्वतीबाईंचा अंगठा

॥ श्री ॥
वारंगा फाटा,
१२ सप्टेंबर २०२४

ती. द्वारका आत्यांस,
कोमलचा सा. न. वि. वि.

डॉक्टरांनी तुम्हाला तीन महिने बोलायचं नाही म्हणून सांगितल्यापासून पुसेगावात फार शांतता आहे, असं कळलं. सभा गाजवणारी द्वारकाबाई आता पाटीवर लिहून चहा मागते, हे ऐकून बाबा पोट धरून हसले. मग म्हणाले, तिला पत्र लिही, फोनवर ती बोलल्याबिगर राहणार न्हाई.

आपल्या कारखान्याची नवी शेड झाली. दसऱ्याला उद्घाटन आहे. बाबांनी आजीच्या नावानं सुरू केलेलं ‘पार्वती कॅमेरा वर्क्स’ कॅमेऱ्यांवरून कागदांच्या स्कॅनरवर कसं आलं, तो इतिहास भिंतीवर लावायचा आहे. तो तुम्हीच लिहावा. त्याआधी नांदेडची एक मोठी सहकारी संस्था नवी मशीन बघायला येते आहे. त्यांना प्रत्येक शाखेसाठी एक हवी आहे. जमलं तर कारागिरांची दोन वर्षांची काळजी मिटेल.

पण एक गोष्ट मनात सलते. नव्या कॅमेऱ्यातला पहिला फोटो आजीचा, ही आपली रीत. स्कॅनर बनू लागले तेव्हा आजी म्हणाली, आता मला कागदावर कशी बसवशील? आणि तिनं कोऱ्या कागदावर अंगठा उठवून दिला. ती गेली तरी प्रत्येक नवी मशीन आधी तोच कागद घेते. काचबिंदूमुळे बाबांना आता दिसत नाही, म्हणून ते शेजारी उभं राहून विचारतात, आई आली का?

या वेळी ती आली नाही. जुना पिवळा कागद आपोआप दुधासारखा पांढरा व्हावा, अशी संस्थेची मागणी होती. मशीनचं सॉफ्टवेअर बघणाऱ्या आपल्या स्वप्निलनं ती सोय केली. डाग गेले, घड्या गेल्या, आणि आजीचा फिकट जांभळा अंगठाही गेला. स्वप्निलनं मला डोळ्यानं खुणावलं. मी बाबांना म्हटलं, आली.

तेव्हापासून त्यांच्यापुढे चहा ठेवते आणि लगेच मागं फिरते. काय करू?

लोभ असू द्यावा, रागवायचं असेल तरी.
तुमची,
कोमल


पुसेगाव,
१९ सप्टेंबर २०२४

चि. कोमलीस,
द्वारकाचे अनेक आशीर्वाद. या वेळचे रागावून दिले आहेत.

गळा बंद आहे माझा, डोकं नाही. तुला इतिहास हवा ना? मग ऐक.

तुझा बाप, माझा दादा, हैदराबादला एका फोटोच्या दुकानात हरकाम्या होता. परत आला तो जुन्या बाजारातलं एक भिंग धोतरात गुंडाळून. सागाची पेटी त्यानं स्वतः केली, काळ्या कातड्याचा भाता आईनं शिवला. आखाडा बाळापूरपासून हिंगोलीपर्यंतचे फोटोवाले त्याच्याकडून कॅमेरे नेऊ लागले. मग तेच तक्रार घेऊन आले, की गिऱ्हाइकाला गोरं दिसायचं असतं, काहीतरी करा. काळ्यापांढऱ्या फोटोत चेहरा उजळ यावा म्हणून दादानं भिंगापुढे लालसर काच बसवली. रीतीप्रमाणे पहिला फोटो आईचा निघाला. तिनं तो हातात घेतला, उलटासुलटा केला आणि विचारलं, ही कोणाच्या घरची बाई हाय? दादानं त्याच दिवशी काच काढली. काही गिऱ्हाइकं गेली. जाऊ दिली.

पुढे मोबाइल आला आणि कॅमेरे धूळ खात पडले. तेव्हा त्यानं तीन पायांवरचा कॅमेरा काढून तोंड खाली करून टांगला आणि खाली कागद ठेवला. झाला स्कॅनर. मी त्याला म्हटलं होतं, माणसांकडे बघणारी वस्तू तू कारकुनीला लावलीस. तो हसला, म्हणाला, कागदावर माणसंच असतात की.

आता तू सांग, मळ कोणता आणि माणूस कोणता, हे ठरवायचा हक्क त्या मशीनला कोणी दिला? सही गडद शाईची, ती टिकते. अंगठा फिकट, तो जातो. म्हणजे शिकलेला कागदावर उरणार आणि अडाणी पुसला जाणार! या जिल्ह्यातल्या किती बायांची एवढीच खूण मागे आहे, ठाऊक आहे तुला? आधी ते पांढरं करणं बंद कर. दादाला खरं सांग. तोवर माझ्याकडून एक ओळ मिळणार नाही.

तुझ्यावरचा जीव कायम आहे, तेवढा पत्राच्या शेवटी धरून चाल.
आत्या द्वारका


॥ श्री ॥
वारंगा फाटा,
४ ऑक्टोबर २०२४

ती. आत्यांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून आधी रडले, मग चिडले. तुम्ही बोलता, टाळ्या पडतात, लोक घरी जातात. आम्हाला दुसऱ्या दिवशी मशीन चालवायची असते. त्यात पांढरं करणं हे पाप नाही. तांड्यावरचे शंकरसिंगकाका वडिलांचा शाळेचा दाखला घेऊन आले होते. आपल्याकडे अजून फोटोच निघतो असं समजून आधी केस विंचरले, पागोटं नीट केलं. दाखला इतका काळपट झालेला की नाव लागेना. पांढरा केला आणि नाव उमटलं. काका कितीतरी वेळ पडद्यावरच्या नावावरून बोट फिरवत राहिले. ते बंद करू?

तरी बाबांना खरं सांगितलं. आजी आली नव्हती, मी खोटं बोलले म्हटलं. वाटलं, ओरडतील. ते नुसते म्हणाले, मला काहून सांगून राहिली? ज्याला मशीन विकून राहिली त्याला सांग.

संस्थेचे साहेब आले. फाट्यावरची खिचडी खाऊन खुशीत होते. मी आजीचा कागद दोनदा घेऊन दाखवला, एकदा आहे तसा, एकदा पांढरा. म्हटलं, तुमच्या जुन्या कागदांवरचे फिकट अंगठे असेच जातील. साहेब म्हणाले, ताई, तुम्ही मशीन विकायला बसल्या की मोडायला? अंगठे कोण बघून राहिलं आता? कागद जपायची आमच्याकडं जागा न्हाई, स्कॅन झालं की रद्दीत. मी म्हटलं, मग तर ही सोय मी चालू करून देणारच नाही. साहेब विचार करून कळवतो म्हणाले. काल कळवलं. ते दुसरीकडून घेणार आहेत.

साहेब आले त्या दिवशी स्वप्निल माझ्यावर चिडला होता. मग आपणहून मशीन उघडून बसला. आता कागद आहे तसाच येतो. पांढरा हवा असेल तर बटण दाबायचं, आणि दाबण्याआधी जे पुसलं जाणार त्याभोवती लाल चौकट दिसते. छान झालंय. पण ऑर्डर गेली ती गेलीच. कारागिरांना मी काय सांगू, ते ठरत नाही. बाबा म्हणतात, ते बी खरंच सांग.

तुमच्या पत्राची वाट बघते. भांडणाचं असलं तरी चालेल.
कोमल


पुसेगाव,
९ ऑक्टोबर २०२४

चि. कोमलीस,
अनेक आशीर्वाद, या वेळी हात जोडून.

डॉक्टरांना जमलं नव्हतं ते तुझ्या शंकरसिंगनं केलं, मला गप्प बसवलं. पांढरं करणं बंद कर, हे माझं म्हणणं मी मागे घेते. पुसणं आणि दाखवणं एकाच बटणात असू शकतं, हे मला पुस्तकांनी शिकवलं नव्हतं. आयुष्यभर मी गोष्टींना होय किंवा नाही म्हणत आले. तू माझ्याहून अवघड काम केलंस. आपल्या मालात काय खोट आहे, ते घेणाऱ्याच्या तोंडावर सांगितलंस, आणि त्याची झळ लागणार हे माहीत असून सांगितलंस. कारागिरांना दादा म्हणतो तसंच सांग. चिडतील. एखादा सोडूनही जाईल. त्याला अडवू नकोस, नावही ठेवू नकोस.

दसऱ्याला मी येते, बोलणार नाही. भिंतीवर लावायचा इतिहास खाली दिला आहे. आधी चार पानं लिहिली होती. एवढंच ठेवलं:

पार्वती कॅमेरा वर्क्स. इथे पूर्वी माणसांचे फोटो काढणारे कॅमेरे बनत. आता कागदांचे फोटो काढणारी यंत्रं बनतात. यंत्राला काय दिसत नाही, हे इथे विकण्याआधी सांगितलं जातं.

दादाला वाचून दाखव. त्याला एखादा शब्द खटकला तर बदल, मला विचारू नकोस.

तुम्हा सगळ्यांची,
द्वारका